जोडवी औषध असतील तर आईची का काढलीत?

परवा आत्तीनं घरच्या ग्रुपवर ‘सौभाग्यअलंकारांमागचं विज्ञान’ टाकलं आणि माझ्या धाकट्या बहिणीला वेगळंही पाठवलं. त्यात म्हणे, पायाच्या दुसऱ्या बोटातली नस थेट गर्भाशयाला जाते, जोडव्यांनी ती दाबली जाऊन पाळी नियमित राहते. बांगड्यांनी रक्ताभिसरण वाढतं, मंगळसूत्रानं रक्तदाब ताब्यात राहतो, कुंकवानं मन शांत होतं. आणि हे सगळं सोडलेल्या पोरींनाच पीसीओडी, म्हणजे पाळी पुढं-मागं करणारा अंडाशयाचा विकार, होतो.

बहिणीला पीसीओडी आहे. मिरजेत उपचार चालू आहेत. रात्री तिचा फोन, “ताई, मी जोडवी घालत नाही म्हणून असेल का गं?”

अशी नसच नाही. बोटांच्या नसा मांडीमागच्या सायटिक नसेतून कमरेच्या मणक्यापर्यंत जातात. गर्भाशयाच्या नसा ओटीपोटातल्या वेगळ्या जाळ्यातून येतात. पीसीओडी हा संप्रेरकांचा बिघाड आहे, इन्सुलिनचाही त्यात मोठा वाटा असतो. बहिणीची पाळी अकरावीतच पुढं-मागं व्हायला लागली होती. अकरावीतली पोरगी जोडवी घालते का?

बांगड्या आणि मंगळसूत्राबद्दल काय बोलायचं! रक्त फिरवायला हृदय आहे, आणि बीपीची गोळी मंगळसूत्र घालणाऱ्या बायकाही घेतातच की.

कुंकवाचं थोडं मान्य करते. हळदीला चुना लावून केलेलं जुनं कुंकू बहुतेकींच्या कपाळाला सोसायचं, आणि हळदीबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार? पण आता आपण लावतो ती चिकटवायची टिकली. तिच्या गोंदातल्या पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉलनं काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता माझा खरा राग. 2019 मध्ये बाबा गेले. त्याच दिवशी बायकांनी आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं. जोडवी निघेनात, बोट सुजलं होतं, तर साबण लावून ओढून काढली. अजून तिच्या त्या बोटाला वळ्याएवढी खाच आहे. ओढणाऱ्यांत आत्ती होती. जोडव्यांनी तब्येत सुधारते, मंगळसूत्रानं बीपी राहतं, तर नवरा गेलेल्या, बीपी असलेल्या बाईकडून नेमकं तेच का काढून घेता? तिला रक्ताभिसरण नको? मनःशांती नको? औषध असतं तर त्या दिवशी आणखी एक जोड चढवला असता. ही खूण आहे, बाई कुणाची आणि तिचा माणूस जिवंत आहे का, हे लांबून कळायची.

हे मी एकटी म्हणत नाही. आपल्या सांगलीशेजारच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हौसेनं जोडवी घालणारीला माझं काही म्हणणं नाही, आईलाही आवडायची. पण आत्ती, तो मेसेज आईनंही वाचलाय. वाचून झाल्यावर ती बराच वेळ पाय पदराखाली घेऊन बसली होती.

बहिणीला मी फोनवर सांगितलंय, गोळ्या बंद करू नकोस आणि पुढची तारीख चुकवू नकोस. त्या दिवशी मी येते तुझ्याबरोबर.