काका, तुम्ही गोलमध्ये थांबा!

वय 44. सकाळी गांधी मैदानावर फुटबॉलचे बूट बांधून उभा राहिलो की पोरं सुरू, "काका, तुम्ही गोलमध्ये थांबा." अरे, अख्ख्या कोल्हापूरला भावा म्हणता, मीच तेवढा काका? शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला घसा फोडून मोठा झालोय मी. काल थ्रो-इनचा बॉल थेट माझ्याकडं आला, घातला जाळ्यात, तर पोरगं बोंबलतंय ऑफसाईड! थ्रो-इनवर ऑफसाईड नसतोय लेका. तर म्हणतंय कसं, "तुमच्या काळात नसंल, काका." गुडघा दुखतोय, कबूल. जिना उतरताना कठडा धरतोय, तेबी कबूल (घरात सांगू नका). पण मॅचनंतर पांढरा रस्सा ओरपून झाला की बिलाला बरा काका पुढं लागतोय!