चालती गाडी देऊन जर्मन कशी आणावी

गाडी रोज सकाळी पहिल्या चावीला चालू होते? सर्व्हिसिंगचं बिल साडेचार हजारांच्या वर जात नाही? गल्लीतल्या मिस्त्रींना बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून बिघाड कळतो? मग तुमचं काही खरं नाही. अशी गाडी माणसाला वेळेवर पोहोचवते आणि तो आला हे कुणाला कळतसुद्धा नाही. ती ताबडतोब एक्स्चेंजला टाका आणि एखादी सेकंडहँड जर्मन सेडान दारात आणून उभी करा. मी केली आहे. उभीच आहे.

(कंपनीचं नाव सांगत नाही. लोगो आठवला की हप्ता आठवतो.)

सुरुवात सोसायटीच्या पार्किंगमधून करायची. शेजाऱ्याने भली मोठी एसयूव्ही आणली की पुढचे पंधरा दिवस आपल्या वॅगन-आरकडे टक लावून बघायचं. अकरा वर्षांची, चंदेरी, मागच्या बंपरवर गणपतीच्या गर्दीत टेम्पोने काढलेला ओरखडा. बघता बघता ती लहान दिसायला लागते. एकदा लहान दिसली की बाकीचं मोबाइल बघून घेतो. सकाळ-संध्याकाळ जाहिराती सुरू होतात: मूळ किंमत ४६ लाख, आता फक्त साडेतेरा. साडेतेरा लाख जाणार हे आपल्याला दिसत नाही, साडेबत्तीस लाख वाचले हे दिसतं. आमच्या घरून प्रश्न आला, "मग ते वाचलेले साडेबत्तीस लाख कुठल्या खात्यात आहेत?" असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही.

शोरूममध्ये तुमच्या जुन्या गाडीचं मूल्यमापन होईल. हा सोहळा बघण्यासारखा असतो. टॅबलेट घेतलेला एक मुलगा येतो, तुमच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो, रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक दाराला टेकवतो आणि नाडी लागत नसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे बघावं तसा तुमच्याकडे बघतो. "सर, लेफ्ट फेंडर रिपेंट आहे." आपण खजील. मग तेच यंत्र त्यांच्या जर्मन गाडीला लावा म्हटलं, तर हसून म्हणतो, "सर, ही आमची सर्टिफाइड आहे." माझ्या वॅगन-आरचे एक लाख पंच्याऐंशी हजार ठरले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी कुणाची होती, हे विचारूच नका. डॉक्टरांची होती. सेकंडहँड गाड्या सगळ्या डॉक्टरांच्याच असतात, आणि त्या दवाखाना ते घर एवढ्याच फिरलेल्या असतात.

मीटरवर ४६ हजार किलोमीटर होते. नऊ वर्षांत ४६ हजार. मला शंका आली नाही, कारण मी कॉफी पीत होतो. पुढे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चॅसी नंबर टाकल्यावर जुन्या सर्व्हिसिंगची नोंद निघाली: २०२१ साली ९८ हजार. म्हणजे डॉक्टरांनी उरलेली चार वर्षं गाडी रिव्हर्समध्ये चालवली. ही नोंद गाडी घ्यायच्या आधीही काढता येते. पण मग गाडी घेण्यात मजा काय राहिली?

दिल्ली पासिंगची मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिकडे राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटीने) २०१५ मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या थंडीतल्या पाहुण्या पाखरांसारख्या खाली उतरू लागल्या. पाखरं निदान उन्हाळ्यात परत जातात. गाडीची मात्र तिकडच्या आरटीओची ना हरकत (एनओसी) आणायची, बारा महिन्यांच्या आत एमएच नंबर घ्यायचा, इथला रोड टॅक्स नव्याने भरायचा आणि तिकडे भरलेल्याचा परतावा तिकडून मागायचा. शोरूमवाल्याला विचारा, तो म्हणेल, "होऊन जातं, सर." हे शब्द नीट ऐका. या वाक्यात काम आहे, करणारा नाही.

माझी दिल्लीची हुकली. मुंबईची मिळाली. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघतात, तळाशी गाळाची रेघ राहिलेली असते. आधी सांगितलं ना, मी कॉफी पीत होतो.

आता गाडी घरी आली. पेढे वाटून झाले, वॉचमनने पहिल्यांदाच उभं राहून सलाम केला. (त्या सलामाचा हिशोब काढला तर एक साधारण चार हजारांना पडतो.) बाबांना पुढे बसवलं. वॅगन-आरमध्ये ते खुर्चीत बसल्यासारखे बसायचे आणि तसेच उठायचे, गुडघ्यांना कळायचंसुद्धा नाही. इथे आधी पाठ वाकवायची, मग डोकं आत घालायचं, मग देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. बसले. उतरायची वेळ आली तेव्हा एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने वॉचमन. बाबा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "विहीर चांगली आहे."

स्टेपनी शोधू नका. नसते.

स्पीडब्रेकरबद्दल थोडं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे गाडी त्यावर अलगद चढून अलगद उतरते. आमच्या कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर मात्र उरलेलं डांबर कुठे टाकायचं या मापाने झालेला आहे. त्यावर गाडी तिरकी घालायची, आधी मागची मंडळी उतरवायची, आणि तरीही खालून जो खर्र आवाज येतो तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.

आणि शतपावली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. गाडी हायवेला सलग पळाली की तो तापतो आणि काजळी जाळून टाकतो. कोथरूड ते शिवाजीनगर सात किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत गेलं की तो तुंबतो आणि काट्याशेजारी पिवळा दिवा लागतो. वर्कशॉपवाले म्हणाले, आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर फिरवून आणत जा. म्हणून दर रविवारी सकाळी मी खेड-शिवापूरला जातो. काही काम नसतं. टोल भरतो, वळतो, टोल भरतो, परत येतो. माणसाला बद्धकोष्ठ झालं तर घरच्या घरी एरंडेल देता येतं, हिला साताऱ्याच्या दिशेने न्यावं लागतं.

इतकं सगळं नीट पाळलंत तरी एक दिवस गाडी बंद पडतेच. माझी चांदणी चौकात पडली. पडद्यावर इंग्रजीत अतिशय सभ्य भाषेत निरोप आला, गिअर न्यूट्रलला अडकला, मागे भोंग्यांची आरती सुरू झाली. एक रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला, "काय काका, प्रदर्शनाला लावलीय का?" ती साध्या क्रेनने ओढायचीही नसते, अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, फ्लॅटबेडच लागतो. दोन दिवसांनी वर्कशॉपमधून निदान आलं: गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा डबा, गेलं. पार्ट बाहेरून मागवावा लागेल, मजुरी धरून दोन लाख पस्तीस हजार.

तो आकडा आठवतोय ना? अकरा वर्षं एकदाही रस्त्यात न सोडलेली अख्खी गाडी मी एक लाख पंच्याऐंशीला दिली. तिच्यावर आणखी पन्नास हजार घातले की या गाडीतला एक डबा येतो. गाडीची किंमत ४६ लाखांवरून साडेतेरावर येते. तिच्या डब्याला, दिव्याला, बंपरला मात्र हे कुणी कळवलेलं नसतं. ते अजून ४६ लाखांच्याच गाडीचे आहेत.

तर गेल्या मंगळवारी मी त्या वर्कशॉपच्या वेटिंगमध्ये बसलो होतो आणि मोबाइल वाजला. ई-चलान. मला वाटलं चुकून आलं असेल, कारण माझी गाडी लिफ्टवर टांगलेली मला काचेतून दिसत होती. लिंक उघडली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, मर्यादा शंभर, वेग ११७, दंड दोन हजार. आणि फोटोत माझी वॅगन-आर. स्वच्छ धुतलेली. पुढच्या काचेवर आमच्या सोसायटीचं पार्किंगचं स्टिकर तसंच. नंबर तर इतका ठळक की काय सांगू, कारण ती एचएसआरपी, म्हणजे हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट, मीच लावून घेतली होती, तीन वेळा अपॉइंटमेंट बदलून, उन्हात उभं राहून. पाच महिन्यांपूर्वी विकलेली गाडी एकशे सतराने पळतेय आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे बघतोय.

शोरूमला फोन केला. "सर, ट्रान्सफर प्रोसेसमध्ये आहे." पाच महिने? "सर, आरटीओचा सर्व्हर डाउन होता." पाच महिने? "सर, आपला आरटीओचा माणूस गावाला गेलाय." गाडी आहे कुणाकडे? "सर, ती आम्ही पुढच्या पार्टीला दिली, त्यांनी पुढे दिली असेल." कुणाला? "होऊन जाईल, सर." मी आवाज चढवला तर त्याने फोन मॅनेजरकडे दिला, मॅनेजरने होल्डवर टाकलं, होल्डवर बासरी. पंधरा मिनिटं बासरी ऐकली. मग पोर्टलवर जाऊन गाडीचा नंबर टाकला: चलान एक नाही, तीन. एक नो पार्किंगचं, एक सिग्नलचं. मालकाचं नाव माझं. पॉलिसी मात्र संपलेली. म्हणजे एक गाडी, कुणाच्या ताब्यात माहीत नाही, विमा नाही, एकशे सतराने, माझ्या नावावर! उद्या त्याने कुणाला उडवलं तर? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की गाडी कितीही हातांतून फिरलेली असो, आरटीओच्या नोंदीत जो मालक तोच भरपाईला जबाबदार. त्या हसऱ्या मुलाचं नाव त्या नोंदीत कुठेच नाही. तो कॉफी देतो फक्त.

आता उपरोध पुरे, सरळच बोलतो. दूधवाल्याच्या वहीत अर्धा लिटर जास्त लागला तर तुम्ही महिनाभर वाद घालता. भाजीवालीकडून कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय पिशवी बंद करत नाही. आणि दोन लाखांची गाडी देताना मालकी बदलायच्या कोऱ्या २९ नंबरच्या फॉर्मवर, कोऱ्या ३० नंबरवर सही ठोकून मोकळे होता? कोऱ्या! ना घेणाऱ्याचं नाव, ना तारीख. त्याच कागदांवर गाडी तीन दुकानांतून फिरते आणि प्रत्येक जण आपलं कमिशन काढून घेतो. मीही केली सही, म्हणून बोलतोय. त्याने "इथे, इथे आणि इथे" म्हटलं आणि मी तिथे, तिथे आणि तिथे केली. माझं लक्ष बाहेर रिबीन बांधलेल्या गाडीकडे होतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० वाचा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं काम विकणाऱ्याचं, म्हणजे तुमचं आहे. एजंटचं नाही, शोरूमचं नाही. एप्रिल २०२३ पासून तर आणखी सोय झालीय: आरटीओचं प्रमाणपत्र असलेल्या डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, मग त्या गाडीची जबाबदारी त्याची. माझ्या शोरूमकडे ते प्रमाणपत्र होतं का? मी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत? गाडी देताना ताबा पावती घेतली, तारीख आणि वेळ घालून? मीटरचा फोटो काढला? नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची हप्त्यातली सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही, तो नव्या पॉलिसीवर घेतलात? नाही घेतलात. सनरूफ उघडतंय का ते मात्र चार वेळा उघडून बघितलंत.

आणि कशासाठी? त्या वॅगन-आरमध्ये काय वाईट होतं? आई आजारी होती तेव्हा रात्री दोनला तीच सुरू झाली होती ना? शेजाऱ्याला दाखवायचं होतं. बाकी काही नाही. तो शेजारी परवा मला लिफ्टमध्ये भेटला आणि विचारत होता, तुमची गाडी दिसत नाही बरेच दिवस, विकली का?

आज जेवायच्या आधी परिवहनच्या साइटवर जा, दिलेल्या गाडीचा नंबर टाका आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं बघा. तुमचीच दिसली तर शोरूमला फोन करू नका, लेखी पत्र द्या, पोच घ्या, आरटीओत स्वतः जा. मी काल गेलो. अडीच तास लागले, आणि गावाला गेलेला तो माणूस मला तिथेच खिडकीशी चहा पिताना दिसला.

जर्मन अजून लिफ्टवरून खाली यायची आहे. दोन पस्तीसऐवजी बाहेरचा एक गॅरेजवाला तेच युनिट नव्वद हजारांत दुरुस्त करून देतो म्हणालाय, म्हणून संध्याकाळी तिकडे हलवायची आहे. फ्लॅटबेडवाल्याला फोन केला, गाडीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मग परतीचंही आत्ताच ठरवून टाका. दोन्ही मिळून स्वस्तात करतो."