कापडी पिशवी आणि कॅमेरा

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲपवर गरिबांना धान्य वाटल्याचा तो फोटो येतोच. इगर्जीचं, म्हणजे चर्चचं आवार, मागे बॅनर, पुढे विगार, म्हणजे मुख्य पाद्री, दोन्ही बाजूंना देणारे, आणि मधोमध धान्याची पिशवी छातीशी धरलेली एक बाई. फोटो आला की वादाला तोंड फुटतं. एक जण बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 5:16 काढतो: आपली सत्कर्मं लोकांना दिसावीत, म्हणजे ते देवाचा गौरव करतील. दुसरा पान उलटून 6:3 वर बोट ठेवतो: उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. तिसरा म्हणतो, सध्याचे दिवस बरे नाहीत, उगाच धर्मांतराचा आरोप यायचा, तेव्हा वाटायचं ते गुपचूप वाटा.

मला चीड येते ती तिघांचीही. वचनं दोन्ही एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली, त्यामुळे एकानं दुसऱ्याला खोडण्याचा प्रश्नच नाही. 5:16 मध्ये दिसायला हवं ते कर्म, आणि 6:3 मध्ये झाकायचा तो कर्ता. फोटोत नेमकं उलटं होतं. देणाऱ्यांची नावं बॅनरवर ठळक, आणि त्या बाईच्या घरात काय कमी आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

ठाऊक असतं तर पिशवीत पाच किलो तांदूळ भरला नसता. प्राधान्य रेशनकार्ड असलेल्या घराला माणशी महिन्याला 5 किलो धान्य फुकट मिळतं. त्या घरात बहुतेक वेळा कमी पडतं ते तेल, डाळ, साबण, सॅनिटरी पॅड, रक्तदाबाच्या गोळ्या, संपलेला सिलिंडर. कार्डच नसलेल्या भाडोत्री मजुराच्या खोलीत तांदूळ हवा असतो, पण तो मजूर आवारातल्या रांगेत क्वचितच दिसतो, कारण यादी होते ती ओळखीतून.

मी राहतो त्या इंग्लंडातल्या स्विंडनला, गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूडबँकेत काम करणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आलेला माल आधी वजन करून घ्यायचा. प्रत्येक डब्याची तारीख जाड मार्करनं वर लिहायची आणि महिन्याप्रमाणे क्रेट लावायचे, म्हणजे जुनं आधी जातं. गरजूला व्हाउचर देतात ते जीपी (घरचा डॉक्टर), शाळा किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था, त्यावर घरात मोठे किती, मुलं किती ते असतं, आणि माल तीन दिवसांचा. मग बाजूला बसवून हळू आवाजात विचारायचं: घरी शेगडी आहे, की फक्त किटली? डबा उघडायचं यंत्र आहे? गॅस-विजेच्या आधी पैसे भरायच्या मीटरमध्ये पैसे आहेत? हे विचारलं नाही तर नुकसान ठरलेलं. मीटर रिकामं असलेल्या घरात मसूर न शिजता पडून राहतो आणि रिंग नसलेला डबा उघडतच नाही. किटलीवाल्याला नूडल्स, झटपट मॅश, कपातलं सूप द्यायचं. पिशवी साधी हवी, कुणाचंही नाव नसलेली, कारण ती हातात घेऊन त्याला आपल्याच रस्त्यावरून घरी जायचं असतं. फोटो नाही. तुम्ही कोणत्या चर्चचे हे तर कुणीच विचारत नाही.

हे लिहिताना थोडी शेखी मिरवली जाते, ते मला कळतं. पण यातलं काहीच आपल्याला परकं नाही. गरिबांना मदत करणारी कॅथलिकांची सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली, आणि गोव्यातल्या कित्येक पॅरिशींत ती आहे. तिचा रिवाज बघा. सभासद दोघे-दोघे मिळून घरी जातात, एकटं कुणी नाही. आधी बसतात, ऐकतात, मग ठरवतात. सभा संपायच्या सुमारास एक कापडी पिशवी फिरते. मूठ मिटून हात आत घालायचा आणि उघडा बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, की काहीच टाकले नाहीत, ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. ज्या सभागृहात ही पिशवी फिरते, त्याच्याच भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा बॅनर लागतो, हे मला सहन होत नाही.

लग्नाआधीचं भिकाऱ्यांचं जेवणही तसंच. घरातल्या मेलेल्यांच्या नावानं गरिबांना घरी बोलावून पंगत वाढायची, शीत (भात), सामाराची कढी, शेवटी चण्याच्या डाळीचं गोड वोण. वाढायचं घरच्यांनीच. आता कित्येक घरांत केटररला सांगून पाकिटं आश्रमात पोचवली जातात. पोट भरतं, नाही म्हणत नाही. पण पंगतीत वाढणाऱ्याला समोरच्याचं पान दिसायचं, त्यानं काय टाकलं, काय पुन्हा मागितलं, ते आता दिसत नाही.

आणि तिसऱ्याला, त्या भिणाऱ्याला, गोव्यातल्या बाणावलीच्या जुझे व्हाज या पाद्र्याची आठवण करून द्यावी. 1687 मध्ये हा माणूस मजुराच्या वेषात सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचला. तिथल्या राजाच्या कँडी शहरात पोर्तुगीज हेर समजून त्याला कैदेत टाकलं. 1697 मध्ये देवीची साथ आली, लोक घरच्या आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि हा तिथेच राहून त्यांची सेवा करत राहिला. या सेवेनंतर राजानं त्याला मोकळेपणी काम करू दिलं. संतपद 2015 मध्ये मिळालं. गुपचूप राहून संशय जात नसतो, वर्षानुवर्षं तेच काम करत राहून जातो.

माझ्या बाजूनं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नाव न सांगता देणं मला इथे सोपं जातं, कारण इथे माझं नाव कुणाला ठाऊकच नाही. गावात मी कुणाचा, कोणत्या वाड्यावरचा, हे तिठ्यावरच ठरतं, तिथे हात लपवणं खरोखर कठीण आहे. स्विंडनपासून थोड्याच मैलांवर बुश्टन नावाचं खेडं आहे. तिथला थॉमस स्टीफन्स हा पाद्री 1579 मध्ये गोव्यात उतरला, तिथल्या साष्टी तालुक्यात राहिला, आपली भाषा शिकला, मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा सांगितली आणि 1619 मध्ये तिथेच वारला. परतला नाही. मी त्याच्या मुलुखात येऊन राहिलो, पण माझी तिकिटं अजून गावच्या फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची तारीख बघून निघतात. आणि तो फोटो आला की मीही आधी तो बोटांनी मोठा करतो, ओळखीचं कोण कोण आहे ते बघायला. त्या बाईच्या चेहऱ्याकडे नजर जाते ती नंतर.