नऊवारी शिवायला टाकण्याआधी

लग्नसराई आली की नऊवारी शिवून देणाऱ्यांकडे गर्दी होते. घरातलं जुनं इरकली लुगडं, आजीची पैठणी, चांगलं सुती नऊवारी घेऊन मुली जातात आणि सव्वाआठ मीटरच्या अखंड वस्त्राचे तुकडे जोडून केलेला एक कपडा घेऊन परत येतात. माझं मत स्पष्ट सांगते: हातमागाच्या लुगड्याला कात्री लावू नका. नेसायला शिका. शिकायला चार दुपारी पुरतात, आणि कापलेलं लुगडं पुन्हा अखंड होत नाही.

आधी एका फॉरवर्डबद्दल. 'मराठा स्त्रियांना घोड्यावर बसून लढता यावं म्हणून नऊवारी आली' असं दर गुढीपाडव्याला वाचायला मिळतं. काष्टा घातलेल्या बाईला घोड्यावर बसणं सोपं जातं, हे खरंच आहे. पण नेसणीचा उगम तिथला नाही. भाजे-कार्ल्याची लेणी शिवकालाच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची, आणि कमरेचं वस्त्र पायांमधून मागे नेऊन खोचण्याची पद्धत त्या काळच्या शिल्पांमध्ये दिसते. तमिळ अय्यर-अय्यंगार घरांतलं मडिसारही नऊ वारांचं आणि मागे खोचलेलं. तिथे कुणी घोड्याचं नाव काढत नाही. भातलावणीत वाकायचं, टोपली डोक्यावर घेऊन चालायचं, जात्याशी बसायचं, विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, या सगळ्यासाठी पाय मोकळे हवेत आणि अंग झाकलेलं हवं. काष्टा हे काम करणाऱ्या बायकांचं वस्त्र आहे, आणि मला हा मान लढाईच्या मानापेक्षा कमी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. कापड तेच, पण कोळणीची नेसण गुडघ्यापर्यंत घट्ट, ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत. शेतात जाताना तेच लुगडं वर खोचायचं, देवळात जाताना खाली सोडायचं. गरोदरपणात पोट वाढलं तर गाठ सैल, नंतर पुन्हा घट्ट. आजीचं लुगडं नातीला बसतं का, हा प्रश्नच नव्हता, कारण त्याला मापच नव्हतं.

मग ते मागे का पडलं? 'सहावारीत कापड वाचतं' हे उत्तर सगळे देतात. हिशोब करून बघा. एक वार म्हणजे ३६ इंच, ९१.४४ सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, सहा वार म्हणजे ५.४९ मीटर. फरक पावणेतीन मीटरचा. आता सहावारीखाली परकर लागतो, त्याला साधारण दोन मीटर. ब्लाउजला ८० सेंटिमीटर. झाले की पुन्हा ८.२९ मीटर! नऊवारीखाली परकर नाही, आणि चोळीला कर्नाटकातल्या गुळेदगुडचा एक खण (चोळीच्या कापडाचा तुकडा) पुरत असे. साडी आखूड झाली, कपाटातलं कापड तेवढंच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलं (१९४३ चा नियंत्रण आदेश), टंचाई झाली, त्यामुळे आखूड साडीकडे वळणं सोपं झालं असेल, हे मी मान्य करते. पण मूळ कारण मला परकरात दिसतं.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा हाच पेच होता. मराठी नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी कडक. त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली, कारण तिने पाय झाकतात आणि आत परकर घालता येतो. त्याआधी १८६० च्या दशकात रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या, पारशी बायकांची नेसण पाहिली आणि तिच्यात बदल करून ती बंगालमध्ये घेऊन गेल्या. ब्लाउज, परकर, समोर निऱ्या, डाव्या खांद्यावर पदर हा आज 'पारंपरिक' वाटणारा संच असा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुळत गेला. पुढे शाळा, कॉलेज, कचेऱ्यांबरोबर तो मराठी शहरांत रुळला.

यात एक बदल कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. सहावारीचा सगळा भार परकराच्या नाडीवर असतो; साडी नुसती खोचलेली असते. नऊवारीचा भार साडीच्याच गाठीवर असतो. परकर आला आणि गाठ मारायची सवय हातातून गेली. ज्यांच्या आईने गाठ मारली नाही, त्या मुली आज शिंप्याकडे जातात. म्हणून मी मुलींना दोष देत नाही. गाठ शिकवणारं घरात कुणी उरलं नाही, एवढंच.

तर गाठीपासून सुरू करू. आत गुडघ्याएवढी सुती शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज घाला. सॅटिन किंवा नायलॉनची नको, घसरते. पदर नसलेलं टोक डाव्या हाताला ठेवून साडी पाठीमागून कमरेभोवती घ्या. डाव्या बाजूला साधारण एक मीटर राहू द्या, बाकी सगळी उजवीकडे. दोन्हीकडच्या वरच्या कडा बेंबीखाली ओढून गाठ मारा. श्वास सोडलेला असताना मारलेली गाठ जेवल्यावर काचते, श्वास भरून मारलेली सुटते. म्हणून साध्या श्वासात, कापड पीळ देऊन, दोनदा. साडी गुळगुळीत असेल तर गाठीवरून एक सुती नाडी बांधा. त्यात कमीपणा काही नाही.

मग लांब टोक अंगाभोवती फिरवून, उजव्या काखेखालून छातीवरून डाव्या खांद्यावर घ्या. पदराची लांबी आत्ताच ठरवा आणि पिन लावा. इथे सर्वात जास्त चुकतं. फोटोत छान दिसावा म्हणून पदर लांब सोडला की मधे निऱ्यांना कापड उरत नाही आणि काष्टा घातल्यावर मांडीवर साडी ताणली जाते. पदर गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत पुरे.

मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून बेंबीशी खोचा. शेवटी निऱ्यांच्या मधला खालचा काठ पायांमधून मागे न्या, काठाच्या घड्या एकावर एक नीट बसवा आणि पाठीच्या मधोमध खोचा. हे करताना ताठ उभ्या राहू नका. खुर्चीवर बसताना वाकतात तितके गुडघे वाकवा आणि मग खोचा. ताठ उभं राहून खोचलेला काष्टा दिसतो सुरेख, पण पहिल्यांदा पाटावर बसताच निघून येतो, नाहीतर कापड फाटतं.

नवीन सुती लुगडं खळीमुळे फुगतं आणि निऱ्या उभ्या राहतात. आधी एकदा साध्या पाण्यातून काढून वाळवा. सराव मात्र जुन्या, मऊ सुती लुगड्यावर करा, पैठणीवर नको. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल. हात बसला की दहा मिनिटं.

आता शिवलेल्या नऊवारीबद्दल, कारण तिलाही जागा आहे. पाच वर्षांच्या मुलीचं स्नेहसंमेलन, समूहनृत्य, शोभायात्रेत दुचाकी चालवणं, पाच मिनिटांत कपडे बदलायचे आहेत अशा वेळी शिवलेली घालावी. ती साध्या सिंथेटिक किंवा यंत्रमागाच्या साडीची शिवावी. रेशमी हातमागाची शिवली की काय होतं? सगळा ताण दोन पायांमधल्या शिवणीवर येतो. रेशमात सुईच्या भोकांच्या रेषेत कापड चिरतं, आणि एकदा चिरलं की रफूही धरत नाही. कापलेल्या कडेला जरीचे धागे सुटतात. कंबर आणि उंची तुमच्या आजच्या मापावर ठरते. दोन वर्षांनी तुम्हालाच येत नाही, तर बहिणीला किंवा मुलीला कुठून येणार? शिवाय तिची घडी नीट बसत नाही, आणि टांगून ठेवली की जरीच्या वजनाने खाली ओढली जाते.

इरकलीचं तर मला फार वाटतं. ती विणली जाते कर्नाटकातल्या इलकलला. तिथल्या विणकरांकडे अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला 'टोपे तेणी' म्हणतात. अंग सुती, पदर लाल रेशमी, असा जोड त्या फासांवर उभा असतो. शिंपी पदर वेगळा करताना नेमकी तिथेच कात्री घालतो.

गाठीची खरंच भीती वाटत असेल तर मधला मार्ग आहे. साडी न कापता नेसा, निऱ्या आणि काष्ट्याच्या घड्या पिनांनी पक्क्या करा, अलगद उतरवा आणि काठापासून इंचभर आत सुती दोऱ्याने कच्चे टाके घाला. कार्यक्रमाच्या दिवशी दोन पिनांत काम होतं. नंतर टाके उसवा, साडी पुन्हा अखंड.

नवीन घेणार असाल तर दुकानात टेप काढायला लाजू नका. नऊवारी म्हणून साडेसात मीटरची साडीही विकली जाते. अंगाने भरलेल्या बाईला ती पुरत नाही आणि दोष नेसणाऱ्या हातावर येतो. लांबी आठ मीटरच्या वर हवी, पन्हा ४५ इंचांच्या खाली नको. उंच असाल तर ४८ बघा. ब्लाउजपीस त्या लांबीत धरलाय की वेगळा, हे आधी विचारा.