आर्पेजिओ वाजवताना मनगटावर नाणं ठेवू नका

पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: आर्पेजिओ (एकत्र वाजणारे सूर, जसे सी-ई-जी, सुटे करून एकामागून एक वाजवणं) वाजवताना मनगटावर नाणं ठेवा, हात अजिबात हलू देऊ नका, अंगठा तळव्याखालून पूर्ण दुमडून न्या आणि दुखलं तर बोटं मजबूत होतायत असं समजा. मी पियानो शिकवते. कृपया हे घरी करून घेऊ नका.

सी मेजर स्केलमध्ये, म्हणजे सी, डी, ई असे सूर ओळीने वाजवताना, उजव्या हाताचं तिसरं (मधलं) बोट ई वर असताना अंगठा शेजारच्याच एफ वर जातो. सी मेजर आर्पेजिओत मात्र उजव्या हाताचं तिसरं बोट जी वर असताना अंगठ्याला पुढचा सी गाठायचा असतो. मधल्या दोन पांढऱ्या पट्ट्या ओलांडून. मनगट जखडलं तर हे अंतर अंगठ्याला एकट्याने ताणून कापावं लागतं, आणि त्याच्या मुळाशी कळ येते. म्हणून मनगट आणि कोपरापासूनचा हात आडवा सरकू द्यायचा. पियानोपाशी बसून दोन्ही प्रकारे वाजवून पाहा, फरक लगेच कळेल. वेग वाढला की सूर बोटांनी जोडून धरणं तसंही जमत नाही, हात उचलून पुढे ठेवावाच लागतो.

सरावासाठी सी-ई-जी एकत्र दाबा, हात सैल सोडा, पुढच्या सप्तकात तोच आकार ठेवा. मग सुटे सूर सावकाश वाजवा आणि अंगठ्याचा सूर ठोकल्यासारखा येत नाही ना, एवढं ऐका. पियानोवादक-संगीतकार शोपँच्या पियानो शिकवण्याबद्दलच्या अपुऱ्या राहिलेल्या टिपणांतही सगळी बोटं सारखी मजबूत करण्याच्या खटाटोपाला विरोधच आहे.

दुखलं की त्या दिवशी थांबायचं. मेसेज तुमच्याकडे आला असेल तर पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.