दिवाणजींना चोर ठरवायचंय? असं करा

पेढीतला माणूस समोरच्या अडत दुकानाला आपले दर कळवतोय, असा संशय आलाय? मग आधी त्याचा कॉम्प्युटर चालू करून एकेक फाइल उघडून बघा. शेजारच्या गाळ्यातले काका आले असतील तर त्यांनाही बसवा. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत मग तो दिसत नाही, तुम्हीच दिसता.

पासवर्ड सगळ्यांना एकच. चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवा.

मग भाच्याला बोलवा. "मामा, लई स्लो झालाय, विंडोज मारतो." मारू द्या. साध्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा फक्त मोकळी धरली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की ती खरी जाते. ते पुण्य भाचा करतो.

आणि पंधराव्या दिवशी मला, म्हणजे कॉम्प्युटरमधला पुरावा शोधून काढणाऱ्याला, फोन करा. गेल्या मंगळवारी सांगलीच्या मार्केट यार्डातून आला तसाच. "संध्याकाळपर्यंत काढून द्या, वकील थांबलेत." गेलो. सीपीयूवर हळदीची पिवळी धूळ, तिच्यावर ताजी बोटं. आत कोरं करकरीत विंडोज, वय बारा दिवस. म्हटलं, शेठ, आधी राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल घ्यायची, तिचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा काढायचा, मशीन कुणाकडून कुणाकडे गेलं ते लिहून ठेवायचं. "ते असू द्या, तुम्ही फक्त सर्टिफिकेट द्या."

सर्टिफिकेट! कॉम्प्युटरमधल्या पुराव्याला १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्याच्या नमुन्यात एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हीत हॅश लिहायचा. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब लाही सर्टिफिकेट लागायचंच. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा ठणकावलंय. मी हॅश कशाचा लिहू? भाच्याच्या विंडोजचा?

तुमच्या हातात काय, तर व्हॉट्सअ‍ॅपचा एक स्क्रीनशॉट, तोही कुणीतरी पाठवलेला. वर दिवाणजींचं नाव. अहो, माझ्या मोबाईलात मी कुठल्याही नंबराला तुमचं नाव देईन!

पहिल्याच दिवशी मशीन बंद करून कुलपात ठेवलं असतं, तर तो चोर असला तर सापडला असता, नसला तर सुटला असता. आता दोन्ही गेलं. एकोणीस वर्षं तुमच्या वह्या लिहिल्या त्यानं. माझी फी राहू द्या, त्याची अडवलेली ग्रॅच्युइटी आधी द्या.