दिवा लाल, माइक चालू

लॅपटॉप बनवणाऱ्या त्या कंपनीत ज्या कुणी माइक बंद करायच्या बटणाचा, आतून सिस्टिमला जाणारा मेसेज बदलला, त्याला एकदा साताऱ्यात आणून माझ्या ताईसमोर उभं करायचंय मला. बाकी काही नको. तिनं फक्त विचारावं, "का रे बाबा, काय नडलं होतं?"

गुरुवारी संध्याकाळी ताईचा दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास चालू होता. मध्येच दाजी खोलीत आले. तिनं माइक बंद करायचं एफ४ दाबलं, बटणावरचा लाल दिवा लागला, म्हणजे माइक बंद, आणि ती दाजींशी बोलली. कुणाची फी तीन महिने थकलीय, त्याच्या घरी काय चाललंय, वडिलांना फोन करावा की नको. ३४ मुलांनी ऐकलं. त्या मुलानंही ऐकलं आणि तो तिथल्या तिथं क्लासमधून बाहेर पडला. रात्री ताईचा फोन आला. "अरे, दिवा लागला होता रे. मी बघितलं होतं." हे ती दोनदा म्हणाली. लॅपटॉप मी घेऊन दिलेला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मी टाकलेलं, आणि मंगळवारी बायॉसचं (लॅपटॉपच्या आतल्या मूळ प्रोग्रामचं, म्हणजे फर्मवेअरचं) अपडेट आलं तेव्हा "कर, काही होत नाही" म्हणणाराही मीच.

शनिवारी पहिल्या एसटीनं सातारा गाठलं. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग लावून बटण दाबलं. एक ओळ आली: अनोळखी इव्हेंट, डी०. परत दाबलं, परत तीच ओळ. दिवा मात्र दर वेळी लागतोय-विझतोय, कारण त्याला आता कर्नल लागतच नाही. अपडेटच्या आधी दिवा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला बटणं सांभाळणारा भाग, लावायचा, तोही माइक खरोखर बंद झाल्यावरच. आता बटण दाबलं की एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे बटणं-दिवे बघणारी छोटी चिप, आपला आपणच दिवा लावून मोकळा होतो आणि वर एक मेसेज फेकतो. तो कुणाला कळला का, माइक बंद झाला का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. अरे, त्या दिव्याचा अर्थच तो आहे ना? माणूस त्याच्या भरवशावर घरातलं बोलतो!

आणि मेसेज तरी कसला. सोमवारपर्यंत बायॉसमधली डब्ल्यूईडी मेथड (काय घडलं ते सांगणारी) बोलावली की सरळ एक आकडा मिळायचा, कीचा कोड, संपला विषय. आता तोच जीयूआयडी (मेसेज कुठल्या गटातला ते सांगणारा ओळख-आकडा), तोच नोटिफाय आयडी (मेसेजचा क्रमांक, आपला डी०), आणि हातात पडतो आठ बाइटांचा बफर, म्हणजे आठ आकड्यांची माळ. पहिला बाइट कायम ०१. दुसऱ्यात कीचा कोड, आणि तो जुनाच! एकाचाही फरक नाही. तिसऱ्यात दिव्याची नवी स्थिती. उरलेल्या पाचांत नुसती शून्यं. म्हणजे जे समोर टेबलावर होतं ते उचलून माळ्यावर टाकलं आणि घरातल्या कुणाला सांगितलं नाही. आमच्या लिनक्सच्या ड्रायव्हरनं निदान हातात आलं ते आकडा की बफर, हा प्रकार बघून हात वर केले. प्रकार न बघता जो ड्रायव्हर थेट आकडा वाचतो, त्याला ६४ बिटी मशीनवर बफरचा मेमरीतला पत्ताच कीचा कोड म्हणून मिळतो. तसला बग शोधण्यात माझे दोन आठवडे गेलेत एकदा, दुसऱ्याच एका मॉडेलवर.

या अपडेटबरोबर बदलांची म्हणून जी यादी आली होती, तीत एकच ओळ: "प्रणालीचे स्थैर्य सुधारले." हे वाक्य दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुणाचं स्थैर्य? बदलाच्या यादीत बदल लिहायचा असतो, एवढं कळू नये?

कंपनीच्या सपोर्टला सगळं लिहून पाठवलं. जुना डीएसडीटी (बायॉसमधला हार्डवेअरचा तक्ता, मेथडी त्यातच असतात), नवा डीएसडीटी, दोन्हीतला फरक, बाइटन्‌बाइट. उत्तर काय आलं? कृपया समर्थित ऑपरेटिंग सिस्टिमवर समस्या पुन्हा घडवून दाखवा. आणि हेच अपडेट त्यांनी लिनक्सच्या अपडेटरमधून ढकललेलं होतं! ताईच्या उबुंटूवर, म्हणजे तिच्या लिनक्सवर, ते आपोआप दिसलं, तिनं तिथंच बटण दाबून घेतलं. म्हणजे लिनक्सवर फर्मवेअर पोचवायला तुम्हाला माणसं आहेत, सही करून फाइल चढवायला वेळ आहे, आणि आठ बाइटांचा अर्थ सांगायची वेळ आली की लिनक्स तुमच्या ओळखीचं नाही? बरं, जुन्या बायॉसवर परत जावं तर तो रस्ताही बंद. डाउनग्रेड चालत नाही.

मी मागतोय काय? सोर्स कोड मागत नाही, माणूस मागत नाही. अर्धं पान मागतोय. डी० आला की आठ बाइट येतील, दुसऱ्यात की, तिसऱ्यात दिवा. ते अर्धं पान त्यांच्याकडे आहेच, कारण त्यांच्या विंडोजच्या युटिलिटीनं ते कुठून तरी वाचलंय. ते बाहेर येत नाही म्हणून मी शनिवारचा अख्खा दिवस ताईच्या जेवणाच्या टेबलावर चार अक्षरी नावांच्या मेथडी उलगडत बसलो, आणि ताई मागून चहा ठेवून जाताना काही विचारत नव्हती, तेच जास्त लागत होतं.

एकदा डोकं फिरलं की मागचंही सगळं वर येतं. एकाहून जास्त कंपन्यांनी विंडोज ड्रायव्हरच्या नमुन्यातला जीयूआयडी जसाच्या तसा उचलून आपल्या फर्मवेअरमध्ये चिकटवलाय. सुरुवातीला एबीबीसी०एफ६ दिसलं की समजायचं. १२८ बिटांचा आकडा कशासाठी असतो? प्रत्येकाचा वेगळा असावा म्हणून! आता त्यावरून ड्रायव्हर आपोआप लोड करायची सोय नाही, कारण मशीन कुणाचं हे त्यावरून सांगताच येत नाही. मग डीएमआयमधलं, म्हणजे मशीनची ओळख लिहायच्या तक्त्यातलं, नाव बघावं म्हटलं, तर तिथं "टू बी फिल्ड बाय ओईएम", म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनं भरायचं. कारखान्यातून डबा बंद होऊन, दुकानातून विकला जाऊन, माझ्या मांडीवर आला, आता कोण भरणार ते?

ओएसआयचं, म्हणजे "तू कुठली सिस्टिम" या फर्मवेअरच्या प्रश्नाचं, तर बोलूच नये. फर्मवेअर विचारतं "लिनक्स आहेस का", कर्नल नाही म्हणतो. "विंडोज २०१५ आहेस का", हो म्हणतो. इतक्या बायॉसनी त्या प्रश्नाचा घोळ घातला की शेवटी खोटं बोलणं हाच सुरक्षित रस्ता ठरला. आणि याच माइकच्या बटणाचं बघा. त्याचा कोड २४८. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स या प्रणालीत आठ मिळवून २५६ होतो आणि तिथं कमाल २५५, म्हणून कित्येक लॅपटॉपवर आजही हे बटण एफ२० म्हणून नोंदवलेलं आहे. हे आपल्याच बाजूचं दुखणं, कबूल. पण ते उघड लिहिलेलं आहे, शेजारी कारणासकट. वाचलं की कळतं. माझी तक्रार इतकीच आहे की लिहून ठेवा.

ऑफिसात सर्व्हरवर तरी काय वेगळं? आयपीएमआयच्या (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमध्ये प्रत्येक नोंद १६ बाइटांची. प्रकार ई० ते एफएफ असला की त्यातले १३ बाइट सर्वस्वी कंपनीच्या मर्जीचे, वेळेचा शिक्कासुद्धा नाही. रात्री दोनला रॅकमधलं मशीन बंद पडतं, लॉगमध्ये "ओईएम रेकॉर्ड ई०" आणि पुढे हेक्सची माळ. सर्व्हरला माहीत आहे काय झालं ते. त्यानं सांगितलंही. फक्त भाषा अशी, की ती कळणारा माणूस आपल्याकडे नाही आणि ज्याच्याकडे आहे तो सांगत नाही.

यावर कुणीतरी हमखास येऊन म्हणणार, "मग विंडोज टाक ना." हे ऐकून ऐकून कान किटलेत. त्या लॅपटॉपचे पूर्ण पैसे मोजलेत, बटणाचेही. एफ४वर माइकचं चित्र छापून विकलंय, विंडोजचं नाही. ताईचा आधीचा लॅपटॉप विंडोजवर इतका रडत होता की भर क्लासमध्ये फिरतं चक्र बघत बसायची ती. लिनक्स टाकल्यापासून एक दिवस तिची तक्रार नव्हती. मंगळवारपर्यंत.

ड्रायव्हरसाठी पॅच, म्हणजे दुरुस्ती, लिहिलाय. बफर असेल तर लांबी तपास, दुसरा बाइट काढ, कीच्या तक्त्यात बघ. आकडा असेल तर जुनी वाट. जुना बायॉस असलेले लोकही आहेतच, त्यांना का उपाशी ठेवायचं. सगळं मिळून बावीस ओळी. पण दिव्याचं काय करायचं? तो कंट्रोलरच्या ताब्यात गेलाय, परत मागायची मेथड अख्ख्या डीएसडीटीत मला सापडली नाही. म्हणजे माइक दुसरीकडून चालू-बंद केला की दिवा पुन्हा खोटं बोलणार. ताईला सांगितलं, दिव्याकडे बघू नकोस, स्क्रीनवरचं चिन्ह बघ. तिनं काही न बोलता शिवणाच्या डब्यातून काळी टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

त्या मुलाच्या घरी ती रविवारी स्वतः जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काल रात्री तिचा मेसेज: "परत अपडेट आलंय म्हणतंय. करू का?" नको, हात लावू नकोस, असं लिहिलं. मग ती यादी उघडून बघितली. स्थैर्य सुधारले आहेच, खाली सुरक्षेच्या दोन दुरुस्त्याही आहेत, त्या टाळून चालणार नाही. सगळं एकाच पुडीत बांधून देतात, यातलं हे घेतो आणि ते ठेवतो म्हणायची सोय नाही. तिला लिहिलं, शनिवारी येतो, मी आल्यावर करू. तोवर क्लासमध्ये कुणी खोलीत आलं तर माइकची वायरच उपट.